उकंडरावांच्या खिशातली ई डिस्क

सकाळी दुकान उघडून रुक्मिणीबाईंनी कम्प्युटरची ई डिस्क उघडली, तर आत म्हशी निघाल्या.

एक-दोन नव्हे, चांगला गोठाभर. एक उभी, एक बसलेली, एकीची नुसतीच शिंगं, आणि एक थेट रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून रवंथ करणारी. म्हशींच्या खाली हळदीच्या डीजेची गाणी होती आणि त्यांच्याखाली बोअरमधून पाणी उडतानाचा एक व्हिडिओ.

"योगिनी! अठी ये व लवकर! आपल्या गोतावळ्यात म्हशी घुसल्या!"

योगिनी मागच्या खोलीत चहा गाळत होती. अकोल्याच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती आणि चार दिवसांची रजा टाकून डोणगावला आली होती. दिवाळीच्या आधी वडील शालिग्रामराव गेले, तेव्हापासून बसस्टँडसमोरचं हे छोटं दुकान कसंबसं चालू होतं. मोबाइलवाल्या एका माणसाला ते भाड्यानं हवं होतं. हातातली एक पत्रिका पूर्ण झाली की किल्ली त्याला द्यायची आणि आईला अकोल्याला न्यायचं, असं योगिनीनं ठरवलं होतं. रुक्मिणीबाईंनी एवढंच म्हटलं होतं, "ही एक पत्रिका माह्या हातानं निघू दे. नाही जमली तं मी गुमान किल्ली देतो."

'शालिग्राम आर्ट्स'मध्ये लग्नपत्रिका जुळवल्या जात. छापायला त्या मेहकरच्या प्रेसमध्ये जात, पण मजकूर इथे लागायचा. मजकूर म्हणजे नावं. वधूवरांची नावं चार ओळींत संपतात. खरी पत्रिका त्यांच्या खाली सुरू होते: आशीर्वाद कोणाचे, निमंत्रक कोण, स्वागताला कोण उभं, थोरले मामा कुठल्या ओळीत आणि आत्याचे मालक कितव्या. एखादं नाव एक घर खाली सरकलं, तर तो माणूस लग्नाला येतो, पण जेवत नाही. शालिग्रामरावांनी उभ्या आयुष्यात अशा भानगडी निस्तरून निस्तरून पंचक्रोशीतल्या घराघरांच्या नावांचा क्रम पक्का करून ठेवला होता. तो सगळा गोतावळा ई डिस्कमध्ये होता. लोकही निर्धास्त असत. रुसलेल्या मामाला सांगता यायचं, "आमी नाही जी लावलं. शालिग्रामभाऊच्या कम्प्युटरमधून तसंच निघालं." त्यापुढे कोणी बोलत नसे.

त्यांच्या कम्प्युटरमध्ये डिस्का पुष्कळ होत्या. सी आणि डी मशीनबरोबर आलेल्या. पुढच्या शालिग्रामरावांनी स्वतः बसवलेल्या. ई म्हणजे एकत्र, सगळ्यांची घरं. एफमध्ये फोटो. जीमध्ये गणपती, उभे, बसलेले, सुपारीतले आणि पानातले. आरमध्ये रुक्मिणीबाईंची भजनं आणि वायमध्ये योगिनी. रुक्मिणीबाई हे सगळं नवऱ्याशेजारच्या स्टुलावर बसून नुसतं बघून शिकल्या होत्या. नवऱ्याची एक गोष्ट त्यांना फार आवडायची. त्यानं सगळ्या डिस्का एकाच मापाच्या आणल्या होत्या, आणि एकीत थोडं काही टाकलं की बाकीच्याही तेवढ्याच भरत. "दुजाभाव नाही करायचा," त्या सांगत. "डिस्कीतही नाही."

कम्प्युटर सुरू झाला की पडद्यावर क्षणभर एक काळी चौकट चमकून जाई. तीत काय लिहिलंय ते वाचायला कोणाला कधी सवडच मिळाली नाही. "मास्तर हजेरी घेऊन राह्यला," शालिग्रामराव म्हणत, आणि स्टुलावरून रुक्मिणीबाई म्हणत, "हजर." आता त्या खुर्चीत बसत, पण ते हजर म्हणणं सुटलं नव्हतं. आज सकाळीही काळी चौकट चमकली होती आणि त्या म्हणाल्या होत्या. नंतर म्हशी निघाल्या.

योगिनीनं पडद्यावर वाकून पाहिलं. "आई, ह्या कोणाच्या?"

"माह्या!" दारातून आवाज आला.

दुसरबीडचे उकंडराव चपला काढत होते. नातीच्या लग्नाची पत्रिका त्यांचीच होती. काल संध्याकाळी त्यांनी मजकूर सांगितला होता, नातीचा आणि होणाऱ्या नातजावयाचा फोटो एका पेनड्राइव्हमध्ये आणून दिला होता आणि मुक्कामाला डोणगावातच मेव्हण्याकडे गेले होते. आता पडद्यासमोर येऊन ते हरखून गेले.

"हे पाय, ही चंद्री. ही तिची पोरगी. आन् ही मारकी, हिले बाजारात नेली तं गिऱ्हाइकालेच ढुशी देल्ली हिनं. काय फोटो दिसून राह्यले बाप्पा तुमच्या टीव्हीत!"

"उकंडराव, तुमच्या म्हशी माह्या डिस्कीत काऊन आल्या?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"आता ते मी काय सांगू ताई? मी तं रात्रीपासून मेव्हण्याकडेच होतो."

चहा झाला. रुक्मिणीबाई कप विसळायला आत गेल्या, योगिनीचा फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली, आणि तेवढ्यात समोर मेहकरची बस लागलेली उकंडरावांना दिसली. त्यांनी कम्प्युटरला लटकलेला आपला पेनड्राइव्ह उपसला, रुमालात बांधला, बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि ओरडून सांगितलं, "ताई, जावयाचा फोटो तं काल काढून घेतलाच तुमी! नावं तेवढी लावून ठेवजा, मोबाइलवर पाठवजा! थोरल्या मामाचं जरा पाहून, तो लय तापट आहे!"

रुक्मिणीबाई हात पुसत येऊन बसल्या. म्हशी गेल्या होत्या. बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं न आलं, तोच त्यांच्या लक्षात आलं की म्हशींबरोबर ई डिस्कही गेली होती. डीनंतर एकदम एफ. मधली जागाच नाही. दात पडल्यावर मागे फट तरी राहते, इथे तीही नव्हती.

"घेऊन गेला!" त्या उठल्याच. "योगिनी, त्यानं डिस्क उपसून नेली!"

"आई, डिस्क अशी नेता येत नाही."

"काऊन नाही? तो आला तवा होती का नाही?"

"होती."

"त्यानं ते बोटुक उपसलं. आता आहे का?"

"नाही, पण..."

"मंग?"

योगिनीनं कम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला. ती म्हणाली, "एकदा बंद करून चालू करून पाहू."

"हात नको लावू!" रुक्मिणीबाईंनी कम्प्युटरच्या डब्यावर पंजा ठेवला. "रात्री लाईट गेली तवा हा एकडाव बंद पडला आन् सकाळी म्हशी झाल्या. आता तू बंद केला आन् बाकीच्याही गेल्या तं? तुह्ये बाबा काय परत बसवाले येणार आहेत?"



शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून झुंबरबाई आल्या. बाजूला कोणी मोठ्यानं बोललं की त्यांचं गिऱ्हाईक आपोआप अर्धवट राही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर पाहिलं. "बस उभीच आहे अजून. कंडक्टर नाश्ता करून राह्यला. चाल व रुक्मिणी."

"झुंबरकाकू, तुम्ही तरी..." योगिनी म्हणाली.

"तू अठीच बस, पोरी. राखण कर. एक गेली, दुसरी नको जायले."

दोघी रस्ता ओलांडून थेट बसमध्ये चढल्या. उकंडराव खिडकीशी बसून पेरू खात होते.

"उकंडराव, डिस्क काढा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. आवाज चढवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, पण बसमध्ये हळू बोललेलं जास्त ऐकू जातं. पुढच्या सीटवरची सगळी माणसं मागे वळली.

"कोणती डिस्क जी?"

"ई डिस्क. तुमी गेले आन् ती गेली."

उकंडरावांनी पेरू बाजूला ठेवला. रुमाल काढला, गाठ सोडली आणि पेनड्राइव्ह तळहातावर धरून सगळ्या बसला दाखवला. "हे पाहा मंडळी. बोटाच्या पेराएवढं आहे. याच्यात हिची सगळी पंचक्रोशी बसन का?"

"तुमच्या म्हशी बसल्या न इतक्या!" झुंबरबाई म्हणाल्या.

कंडक्टर एव्हाना चढला होता. त्यानं कानावरचा पेन काढला, पुन्हा कानावर ठेवला आणि म्हणाला, "मुद्दा बराबर आहे."

"एवढी चंद्री बसली तं माणसं काऊन नाही बसणार?" मागून कोणी तरी म्हणालं.

"तेही नुसती नावं," दुसरा म्हणाला. "नावाले किती जागा लागते?"

उकंडरावांचा चेहरा बदलला. ते भांडायच्या तयारीत होते, पण बसचं म्हणणं त्यांनाही पटायला लागलं. त्यांनी पेनड्राइव्ह तळहातावर वरखाली करून पाहिला. "काल आणला तवा हलका होता," ते हळूच म्हणाले. "आज खिशात जरा जडच लागून राह्यला खरा." मग ते उठून उभे राहिले. "ताई, माह्या मनात काही नव्हतं. पण चुकून आली असन माह्यासंगं तं मी परत देतो. आपण लोकायचं ठेवून घेत नाही. सगळ्यायसमोर देतो. चला."

"पाच मिनिटांत या," कंडक्टर म्हणाला. मग एकंदर रंग पाहून त्यानं ड्रायव्हरला खूण केली आणि तोही खाली उतरला. त्याच्या मागोमाग निम्मी बस.

इकडे योगिनी राखण करत बसली होती. काही करायचं नाही म्हणून तिनं वाय उघडली. आत तिच्या मार्कशीटा होत्या, आणि दर वर्षी फॉर्मसाठी काढलेले फोटो. वेण्या वाढत गेलेल्या, मग एक झालेली, मग कापलेली. डोळे मिटलेले फोटोही बाबांनी काढून टाकले नव्हते. तिनं वाय बंद केली आणि उगाच डिस्कांची मापं बघायला लागली. एफमध्ये जेवढी जागा शिल्लक, तेवढीच जीमध्ये. तेवढीच आरमध्ये, तेवढीच वायमध्ये. आणि तेवढीच, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत, डीमध्ये.

ग्रंथपालाला हे पाहून खटकायला हवं, तसं तिला खटकलं. एकाच पुस्तकाची दोन कार्डं केली, एक लेखकाच्या नावानं आणि एक विषयाच्या, तर कार्डं दोन होतात, पुस्तक एकच राहतं. तिनं डी उघडली. आत 'फोटो', 'गणपती', 'रुक्मिणी', 'योगिनी'. आणि सगळ्यांत वर, 'एकत्र'. तिनं 'एकत्र' उघडलं. दुसरबीड होतं, डोणगाव होतं, नांदुऱ्याकडची सोयरी होती, थोरले मामा होते. एकही माणूस हललेला नव्हता.

डिस्का कधी नव्हत्याच. डीमधल्या कप्प्यांना बाबांनी अक्षरं दिली होती, एवढंच. आणि ती काळी चौकट रोज सकाळी येऊन प्रत्येक कप्प्याच्या दारावर त्याचं अक्षर लावून जात होती. रात्री लाईट गेली तेव्हा पेनड्राइव्ह कम्प्युटरलाच लटकत राहिला होता. सकाळी मशीन सुरू झालं तेव्हा त्यानं पहिलं रिकामं अक्षर पटकावलं आणि चौकट ई लावायला आली तर त्या दारात आधीच म्हशी उभ्या. पेनड्राइव्ह निघाला, तसं म्हशींसोबत अक्षरही निघून गेलं. मागचा कप्पा जिथल्या तिथे होता.

तिला हसू आलं. एकटीच बराच वेळ हसली, मग ओढणीनं डोळे पुसले. बाबांनी हे आईला का सांगितलं नसेल? कदाचित सांगितलं असेल आणि आईला डिस्का बऱ्या वाटल्या असतील.

ती आईला हाक मारायला उठली आणि लाईट गेली.

टेबलाखालचा युपीएस नेहमीसारखा एकदा ओरडला आणि मेला. पडदा काळा झाला. आपण काहीही केलेलं नाही, हे कोणाला पटणार, असं म्हणत योगिनी उभीच राहिली. आत्ताच सगळं समजलेलं असूनही तिच्या मनात आलं, पुन्हा ई नाही आली तर? आणि वाय? मिनिटाभरात लाईट आली. तिनं बटण दाबलं. काळी चौकट चमकून गेली. योगिनीनं बोटांवर मोजलं: डी, ई, एफ, जी, आर, वाय.

त्याच क्षणी दारात गर्दी झाली. पुढे उकंडराव, रुमालातला पेनड्राइव्ह दोन्ही हातांवर धरून, प्रसाद आणावा तसे. मागे आई, झुंबरबाई, कंडक्टर, ड्रायव्हर आणि मेहकरला निघालेली माणसं.

"आई, ऐक ना..."

"बाजूले हो. पह्यले लावू दे त्याले."

उकंडरावांनी डोळे मिटून पेनड्राइव्ह लावला. तो बिचारा उरलेल्यांतलं पहिलं अक्षर घेऊन जी आणि आरच्या मध्ये निमूट बसला. त्याच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. रुक्मिणीबाईंनी ईवर बोट नेलं, थांबल्या, आणि दाबलं.

दुसरबीड उघडलं. उकंडरावांचा सगळा गोतावळा ओळीनं उभा होता.

"आली!" झुंबरबाई ओरडल्या.

"आली, आली," कंडक्टरनं बाहेरच्यांना सांगितलं. बाहेरून कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

उकंडराव पडद्याजवळ नाक नेऊन वाचत होते. "थोरला मामा वर, आत्याचा मालक त्याच्या खाली... हाव. बराबर. हे आमच्यानं सात जलमात जमलं नसतं." त्यांनी घाम पुसला. "ताई, घेतली तशी परत देल्ली. मोजून घ्या. एखादं माणूस माह्याकडे राह्यलं तं नाही न?"

"नाही जी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "सगळे आहेत."

योगिनीनं उकंडरावांना बसायला स्टूल पुढे केलं.

"अजून एक काम करा," उकंडराव म्हणाले. "ते आशीर्वादाचं आहे न, तथी माह्या बापाच्या खाली शालिग्रामभाऊचं नाव टाका. माह्या तिन्ही लेकरायच्या पत्रिका त्यांच्याच हातच्या. कोणी रुसत नाही. विचारलंच कोणी तं सांगतो, कम्प्युटरमधून तसंच निघालं."

रुक्मिणीबाईंनी नाव लिहिलं. ते त्यांना पाठ होतं, दुकानाच्या पाटीवर होतं, हजारो पत्रिकांच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. मग कर्सर नावाच्या आधी नेऊन ठेवला आणि बोटं तशीच राहिली. आशीर्वादातल्या बाकीच्या सगळ्या नावांआधी 'कै.' होतं. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्यांनी ते एक अक्षर आणि एक टिंब टाकलं आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

दुपारी पत्रिका मेहकरला गेली. प्रेसमधून फोन आला की चूक एकही नाही. बसमधल्या दोघांनी जाता जाता आपापल्या घरच्या लग्नाचं विचारून ठेवलं होतं. संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर योगिनीनं आईला समोर बसवून सगळं सांगितलं. डीचं सांगितलं, कप्प्यांचं, अक्षरांचं, काळ्या चौकटीचं.

रुक्मिणीबाई ऐकत राहिल्या. "म्हंजे डिस्क एकच?"

"ही एकच."

"आन् बाकी नुसते पडदे?"

"पडदे?"

"आमचं लगन झालं तवा घरात एकच मोठी खोली होती. तुह्या आबानं साड्यायचे पडदे लावून सगळ्या भावायचे संसार मांडून देल्ले होते. पाहुण्याले वाटे, केवढं घर आहे." त्या थोडं हसल्या. "तुह्ये बाबा, त्याच खोलीत वाढलेला माणूस. दुसरं काय करन?"

मग त्यांच्या काही तरी लक्षात आलं. "मंग उकंडरावानं काय नेलं?"

"काहीच नाही."

"आन् परत काय आणलं?"

"काहीच नाही. मी उद्या फोन करून सांगते त्यांना. उगाच बिचाऱ्यांना..."

"खबरदार!" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "त्या माणसानं भरल्या बसमध्ये कबूल केलं, आन् उतरून परत आणून देल्लं. आता दुसरबीडात सांगत फिरत असन, मी डोणगावची पंचक्रोशी खिशात नेली होती आन् जशीच्या तशी परत देल्ली. तू त्याचं हे काऊन हिसकून घेतं?"

थोड्या वेळानं योगिनीनं मोबाइलवाल्याला फोन लावला आणि किल्लीचं सध्या जमत नाही, असं कळवलं. रुक्मिणीबाई ऐकत होत्या, पण त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

"एक पाटी करून दे मले," त्या म्हणाल्या.

पाटी योगिनीनं बाबांच्या आवडत्या जाड टायपात केली आणि दाराशेजारी लावली: 'चपला व पेनड्राइव्ह बाहेर काढून यावे.' हे का, असं कोणी विचारलं की झुंबरबाई बांगड्या भरता भरता सगळी हकीकत सांगत, आणि बहुतेक लोक लगेच आपापले खिसे तपासत.

रविवारी योगिनी अकोल्याला निघायच्या तयारीत असताना उकंडराव छापलेल्या पत्रिका न्यायला आले. दुकान नुकतंच उघडत होतं. त्यांनी पाटी मन लावून वाचली. चपला काढल्या. बंडीच्या आतून रुमाल काढला, पेनड्राइव्ह तसाच बांधलेला डाव्या चपलेत ठेवला आणि झुंबरबाईंना म्हणाले, "जरा ध्यान ठेवजा जी. म्हशी आहेत त्याच्यात."

"या, या," रुक्मिणीबाई कम्प्युटरचं बटण दाबून दारापर्यंत त्यांना घ्यायला गेल्या. मागे पडद्यावर काळी चौकट चमकली आणि गेली.

स्टुलावर बसून योगिनी पिशवीची चेन लावत होती.

"हजर," ती म्हणाली.